चौथ्या प्रकरणाबद्दल

डॉक्टर,
तुमचं पुस्तक मला वाचनालयातल्या मुलीनं दिलं.
थंडर बे, जानेवारी, बाहेर उणे एकतीस.
मुखपृष्ठावर निळा मेंदू, त्यात वीज चमकतेय.
मागे तुम्ही, हसरे, कॉलर उघडी,
टोरांटोचे मनोविकारतज्ज्ञ, सोप्या भाषेत.
भाषा सोपी आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

वेइको छत्तीस वर्षं बंदरावरच्या धान्य-कोठारात होता.
तळहातावर गहू चोळून सांगायचा
ओल किती, दाणा प्रेअरीच्या कुठल्या टोकाचा.
ऑक्टोबरात तो उजवा हात
मांडीवर येऊन बसला
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

आणि इंग्रजी गेली. सगळी.
उरली ती फिनिश,
त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातली,
सहा वर्षांच्या पोराला पुरेल एवढी.
मी युक्रेनियन घरातली.
आमचा सत्तेचाळीस वर्षांचा संसार इंग्रजीत झाला:
भांडणं, उसनवारी, मुलीचं नाव ठेवणं.
एका रात्रीत घराला कुलूप, आणि किल्ली आत.

तुम्ही लिहिता, मेंदू म्हणजे ताज्या बर्फाचं रान.
पहिली घसरगाडी जिथून गेली
तिथूनच दुसरी जाते, चाकोरी पडते;
नवी वाट हवी तर नव्या जागेवरून जा,
पुन्हा जा.
छान आहे. मी तिथे पेन्सिलीनं खूण केली
(नंतर खोडली, पुस्तक वाचनालयाचं).
पण डॉक्टर, तुमच्याकडचा बर्फ कोण उपसतं?
इथे रात्री तलावावरून वारा सुटतो
आणि सकाळी वाट नसते.
फावडं असतं.
पुढच्या आवृत्तीत तेवढं एक वाक्य घाला.

आम्ही केलं सगळं.
डाव्या हाताला जाड मोजा, वर दोरी,
म्हणजे उजव्याला काम पडेल.
वाडग्यात गहू. एकेक दाणा उचलायचा,
दुसऱ्या वाडग्यात टाकायचा.
शेजारची ब्रॉनविन म्हणाली,
या वयात? पालथ्या घड्यावर पाणी.
तो चिडायचा, फिनिशमध्ये शिव्या द्यायचा.
आधी मला त्या ओळखू यायला लागल्या,
मग देता.
मार्चमध्ये सत्तावीस दाणे. एप्रिलमध्ये एकोणीस.
जूनमध्ये मी मोजायचं सोडलं.

तुमच्या पुस्तकात सगळे बरे होतात.
तो बासरीवाला, ती तोल गेलेली नर्स,
गणिताचा मास्तर तर दोन पानांत.
मी शेवटी यादी शोधली
जे तितकेसे बरे झाले नाहीत त्यांची.
सापडली नाही. कागद महागला असेल.

रागानं लिहीत नाहीये.
परवा एक झालं, म्हणून लिहितेय.
तो खिडकीशी होता. म्हणाला, सता लुन्ता.
मी मोरीशी, पाठमोरी, हात फेसात,
म्हटलं, मिस्सा लापिओ?
त्यानं डाव्या हातानं दार दाखवलं.
एवढंच.
बशी विसळून झाली, तेव्हा लक्षात आलं
की मधे इंग्रजी आलीच नाही.
बर्फ पडतोय. फावडं कुठंय.
मनातल्या मनात उलथंपालथं न करता,
वही न बघता,
त्र्याहत्तराव्या वर्षी.

पुस्तक मी त्याच्यासाठी आणलं होतं.
रोज वाचून दाखवायचे, त्याला एक शब्द कळत नसताना,
आणि तुम्ही ज्या मेंदूबद्दल सांगत होता
तो भांडी घासत होता.

हात तसाच आहे. हे लिहून ठेवा.
मी त्याला रोज तेल लावते, तो माझ्याकडे बघतो,
कधी म्हणतो, तुझा उच्चार वाईट आहे.
आहेच.
गहू पाखरांना घातला. वाडगी कपाटात गेली.
पुस्तकाचा उशिराचा दंड भरलाय, चार डॉलर वीस सेंट.
आता थांबते.
रात्रभर पडलाय, दार अर्धंच उघडतंय,
आणि तो आतून ओरडून सांगतोय काहीतरी,
त्यातला एक शब्द मला अजून येत नाही.

ओरिस्या