डग्गा

आर्वीहून एसटीत मांडीवर आणलेले
वीतभर उंचीचे दोन स्पीकर
प्राची ढगेनं कोनाड्यात मांडले.
तबला आला. डग्गा नाही आला.
"काहून बावा, अर्धा बजवय्या कुठी रायला?"
सासरे म्हणाले, कानामागं हात धरून.

म्हणून मी गेलो सबवूफर घेऊन.
दहा बाय बाराची खोली, वर टिन.
आठ इंची पुरे, म्हटलं;
बारा इंची लाडे गुरुजींच्या हॉलला,
इथं छपराचे खिळे निघतील.
तरी टिन थरथरलंच.

मग खोका बसवला सासऱ्यांच्या खुर्चीत
अन् मी भिंतीभिंतीनं रांगलो:
कोपऱ्यात नुसता घुमारा,
दाराशी काहीच नाही,
शिलाई मशीनच्या पायाशी मात्र
थाप गोल, सुटी,
मोजून घ्यावी अशी.
लेकरं हसत होती. तिथंच ठेवला खोका.
एक बटण ऐंशीवर, दुसरं अर्ध्याच्या आत.

सीतादही झाल्यावर महिन्याभरात फोन:
डग्गा पुन्हा गेला.

पाहतो तर खोली टिनापर्यंत कापसानं भरलेली,
खुर्ची ढकलत ढकलत दारात आलेली,
कोनाडे तेवढे उघडे.
मी फूटपट्टीनं मोजली होती खोली.

तापतो म्हणून आधी
खोक्याभोवतीचा कापूस सारला,
बटण वर नेलं.
प्राचीच्या नेलपॉलिशनं दोन ठिपके दिले:
हा भरल्या घराचा,
हा गाडी गेल्यावरचा.

सासऱ्यांनी बोटानं
दोन ठिपक्यांमधली जागा चाचपली.
"अन् अर्धाच इकला तं?"