तीन पौंड

बार्न्सलीच्या वाचनालयात दर बुधवारी
मी म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून देतो.
विनिफ्रेड ओल्डरॉइड हातमोजे घालूनच बसते.
बचत किती? पासबुक काढते,
पण हातातून सोडत नाही.

नवरा खाणीत होता.
त्याच्या फुप्फुसांची थोडी पेन्शन येते,
तेवढ्यानं ती मर्यादेच्या वर:
आठवड्याला तीन पौंड.
“मेला तरी आडवा येतोच बघ,”
म्हणते, आणि हसता हसता खोकते.

टेकडीवरचे लमली हिवाळ्याच्या सरकारी पैशांची
वाइन आणायचे, पेटीभर.
बंद झालं ते बरंच झालं, म्हणाले स्वतःच.
मलाही पटतं. गरज बघूनच द्यावं.
पण बघायचं कुणी,
आणि किती आत शिरून?

अकराव्या पानावर ती थांबते.
आई सांगायची, तेव्हा माणूस घरी यायचा,
खुर्च्या मोजायचा.
चारच जण ना तुम्ही? पाचवी विका.

फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकते.
मग रेडिएटरजवळ खुर्ची ओढून
बागकामाचं एक पुस्तक उघडते,
पान न उलटता बसते
कुलूप लागेपर्यंत.

इथं अजून कुणी काही विचारत नाही.