सायानने खाल्लेली रात्र

या नदीला आम्ही कोकसू म्हणतो.
नाव कुलियाश आत्याच्या हट्टाचं.
तिच्या गावाकडे निळ्या पाण्याला असंच म्हणत,
आणि ते पाणी, ती सांगते, एके दिवशी उठून चालतं झालं.
होड्या वाळूत बसून राहिल्या, उंट त्यांच्या सावलीत.
म्हणून इथे उतरल्या उतरल्या तिनं आधी नदीत हात घातला,
यानाची गळती मग पाहिली.

मासा पहिल्यांदा मला दिसला.
(मला म्हणजे आयझेरेला. वय अकरा, पृथ्वीच्या हिशेबानं.
इथल्या हिशेबानं मी अजून पाळण्यात.)
पंजाएवढा. पाठ शेवाळी, साधी,
कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशी.
पण पोहतो उताणा. कायम उताणा.
नुरतास म्हणाला, मेलाय.
मेलेला मासा त्याच्या बोटाला कडकडून चावला.

पोट काळंभोर, त्यावर पांढरे ठिपके,
म्हणून रात्रखवल्या.
ठिपके प्रत्येकाचे निराळे.
मी एकाचे वहीत उतरवले, दुसऱ्याचे उतरवले,
सतराव्याचे उतरवता उतरवता
पेन्सिल संपली, मान वर गेली,
आणि सतरावा मासा
माझ्या डोक्यावर पसरलेला होता,
या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत.

अंडं फुटतं, पिल्लू उताणं होतं,
वर जे दिसेल ते पोटावर उमटतं.
जन्मभरासाठी.
ढगाळ रात्रीचे मासे कोरे.
ते तळाशीच राहतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आत्याला सांगितलं.
वेल्डिंगचा चष्मा न काढता ती म्हणाली,
"छान. पाना दे."

सायान सहा वर्षांचा. त्याला बजावलं होतं, खायचा नाही.
त्यानं खाल्ला.
मीठ लावून, इंजिनाच्या झाकणावर भाजून.
कुठली रात्र खाल्ली, कळायला मार्ग नाही.
काटे तेवढे उरले.
झोपताना म्हणाला, पोटात लुकलुकतंय.
आत्यानं गरम पाणी पाजलं.

आमच्या आधी इथे एक यान आलं होतं, अकझेल्केन,
म्हणजे पांढरं शीड.
त्यात येरमेक आतोबा.
"उतरतोय," एवढंच म्हणाले, पुढे नऊ वर्षं खरखर.
कुठे उतरले, ते सांगायचं राहून गेलं.
आत्या त्याबद्दल बोलत नाही. पाने घासते.

मग तो म्हातारा मासा आला.
एक डोळा गेलेला, कल्ल्यांवर शेवाळ,
माझ्या ओंजळीत आपणहून येऊन थांबला.
पोटावर किटली होती
(किटली म्हणजे सात तारे, नाव माझं),
आणि किटलीच्या तोटीतून खाली शेपटीकडे
एक ओरखडा. लांब. पांढरा.
जखम नव्हती ती, मी नख फिरवून पाहिलं.
त्या रात्री आभाळातून काहीतरी गेलं होतं,
आणि एक पिल्लू नेमकं तेव्हाच
जगात पहिल्यांदा बघत होतं.

आत्यानं चष्मा काढला.
पाना खाली ठेवला.
माशाकडे इतका वेळ पाहत राहिली की शेवटी मीच म्हटलं,
आत्या, त्याला पाण्यात सोड.
तोटी मावळते दक्षिणेच्या खिंडीत.
पहाटे निघायचं ठरलं.

निघायच्या आदल्या रात्री काठावर अंडी फुटत होती,
टिचकीसारखा आवाज, शेकडो टिचक्या.
आम्ही चौघं ओणवून बघत होतो, टोप्यांवरचे दिवे चालू.
पिल्लं उताणी झाली.
त्यांच्या पोटांवर, कडेला अगदी खाली,
चार ठिपके आहेत, कुठल्याच आभाळात नसलेले.
तीन ठळक.
सायान हलला, त्यामुळे त्याचा जरासा फिसकटलाय.

खिंडीपलीकडे काय सापडलं ते पुढच्या वहीत.
ही वही संपली, शेवटची चार पानं
मी कोळशानं लिहिली आहेत, हात लावू नका.