सात छरे

आधी ऐकलं ते सुक्या मासळीवालीनं.
मागे बसलेली, मांडीवर टोपली,
लिरा सोडून बोरोबोरोकडे निघालो होतो.
म्हणाली, "ओक्विर, तुझं चाक कण्हतंय."
मी म्हटलं, रस्ता खराब आहे.
रस्ता गेल्याच महिन्यात डांबरलेला.

मग टायरची हवा पाहिली,
साखळीला तेल सोडलं,
हेल्मेटचा पट्टा आवळला.
कान झाकले की आवाज बरा होतो
असं माझ्या बापाचंही मत होतं,
छातीतल्या घरघरीबद्दल.

अकुल्लूचं गॅरेज म्हणजे आंब्याचं एक झाड
आणि फांदीला टांगलेली साखळी.
पुढचं चाक अधांतरी.
तिनं एक हात वर ठेवला, एक खाली,
आणि नुसतं हलवलं,
कडी लागलीय का बघतात तसं.
टक्. टक्.
"किती दिवस?"
"दोन."
तिनं पाहिलं माझ्याकडे.
"दोन आठवडे."
पाहतच राहिली.
"मक्याला कणसं धरायच्या आधीपासून," मी म्हटलं.

आस ओढून काढला. सरळ होता.
चला, एवढं तरी सरळ.
सील उपटलं, क्लिप उडाली,
ती गवतात शोधण्यात अर्धा तास गेला,
शेवटी तिच्या भाच्याच्या, ओजुकाच्या, पायालाच टोचली.
तुंब्यात वंगण नव्हतं,
लाल चिखल होता, गंजाचा की वाटेचा,
दोघांनी एकमेकांचा रंग घेतलेला.

मधली नळी केसभर बाजूला सारायची,
छिन्नीला तेवढीच कड मिळते.
एक ठोका इकडे, एक समोर.
घाई केली की तिरकं अडकतं
आणि मग दिवस गेला म्हणून समजा.
हे गॅरेज आधी तिच्या नवऱ्याचं.
तो जुबाला गेला, पाने इथेच राहिले,
प्रत्येकावर त्याचं अक्षर कोरलेलं.
ती ते घासून काढत नाही.
बघतही नाही.

नवी बेअरिंगं रात्रभर सोडावाल्याच्या फ्रीजरमध्ये,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, संत्र्याच्या बाटल्यांखाली;
चाक सकाळपासून उन्हात.
"एकाला आकसायला सांगायचं, एकाला सैलावायला,
मग भांडण होत नाही," ती म्हणाली,
आणि गप्प झाली.

मारायचं फक्त बाहेरच्या कड्यावर.
आतल्यावर मारलं तर खळ्या पडतात,
आज दिसत नाहीत, चार महिन्यांनी बोलतात.
आणि ठोकायला तिनं काय घ्यावं?
जुनंच बेअरिंग.
कड जरा घासली, नव्याच्या डोक्यावर ठेवलं, वर हातोडी.
ठण्. ठण्. ठण्. ठक्.
ठक् म्हणजे तळ लागला.

चाक उलटं केलं.
दुसरं बेअरिंग बर्फातून आलं, वाफ सोडत,
हातोडी वर गेली.
आणि नळी माझ्या पायाशी, पोत्यावर.
तिच्याशिवाय आस आवळला असता
तर संध्याकाळपर्यंत सगळं चिरडलं असतं.
एवढे आठवडे मी जिभेला कुलूप घातलेलं,
ते गंजलं होतं, पण उघडलं:
"नळी."
हातोडी तिथेच थांबली.
तिनं नळीकडे पाहिलं, हातातल्या पान्याकडे पाहिलं,
आणि हसली, मोठ्यानं,
झाडावरचे कावळे उडाले.
मजुरीतले दोन हजार कमी केले.

ओजुकानं जुनं बेअरिंग दगडावर फोडलं.
चोरोच्या खड्ड्यांत आता बियांबरोबर
सहा छरे खेळतात.
सात होते, तो सांगत फिरतो.
सातवा माझ्या खिशात आहे,
त्याला एका बाजूला खळी पडलीय,
अंगठा तिथे आपोआप जातो.

मासळीवाली पुन्हा बसली, टोपली मांडीवर.
वळण गेलं, शाळा गेली, ती गप्प.
शेवटी मीच विचारलं,
"काही ऐकू येतंय का?"
"येतंय की," ती म्हणाली,
"तुझी बडबड."