तीनची पाळी

रोज रात्री तीनला रोसामेल नावेल्किन उठतो,
रबरी बूट चढवतो
आणि वॉर्डच्या बंद दाराला खांदा लावून उभा राहतो.
बाहेर पुंता आरेनासचा वारा,
सामुद्रधुनीवरून येऊन पत्रे खडखडवणारा.
आम्ही नोंदवहीत लिहिलं : अस्वस्थ. इंजेक्शन दिलं.
दुसऱ्या रात्री : अस्वस्थ. पट्टे बांधले.
तिसऱ्या रात्री नुसतंच : वरीलप्रमाणे.
माझंच अक्षर. वळणदार.

मंगळवारच्या बैठकीत डोस वाढवायचं जवळपास ठरलंच होतं,
डॉक्टर कुसानोविचांच्या पेनाचं टोपण निघालं होतं,
तेवढ्यात कप गोळा करणारी ओतिलिया म्हणाली,
"धडका नाही देत हो तो. कान लावतो.
मला विचारतो, नांगर धरून आहे ना?"

अकरा वर्षं ती इथली फरशी पुसते.
त्या दिवशी आम्ही दोन खुर्च्या आणल्या :
एक तिला,
एक, ज्याच्याविषयी तासभर बोलत होतो त्याला.

तो आला. बसला नाही.
खिडकीकडे बघत तुटक तुटक सांगितलं :
खेकड्यांची होडी. धाकटा भाऊ.
पहाटे तीनची पाळी याची,
आणि याचाच डोळा लागला.
"झोपेचं औषध देता तुम्ही," तो म्हणाला,
"मला."

बराच वेळ नुसता वारा.
मग कुसानोविचांनी विचारलं, "काय करू या?"
त्यालाच विचारलं.
इतक्या वर्षांत या खोलीत
हा प्रश्न पेशंटकडे वळलेला मी पाहिला नव्हता.

आता तीनला मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढते.
लाटा केवढ्या, दिवे किती, एवढंच बोलणं.
चारला तो म्हणतो, "पाळी तुझी."
मी म्हणते, "घेतली."
अर्धी गोळी स्वतः मागून घेतो
आणि झोपतो, बुटांसकट.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
गेल्या महिन्यात मी रजेवर असताना
बदलीच्या मुलानं पुन्हा पट्टे आवळले.
सकाळी आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे,
माफी मागायला, आणि शब्द कुणालाच धड येईनात.
तो मनगट चोळत म्हणाला,
"नवा आहे पोरगा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं.
मी वहीत तेच लिहिलं, वेळ घातली, सही केली
आणि वही त्याच्यापुढे धरली.
त्यानं बोट ठेवून सावकाश वाचलं.
म्हणाला, "तीन नाही.
तीनला दहा कमी होते."
मी खोडलं. दुरुस्त केलं.