तोंड

पान भिजवायचं, पिळायचं,
कात्रीनं मापाला कापायचं,
चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा,
आणि नखानं तोंड बंद करायचं.
हजार विड्या म्हणजे हजार तोंडं.
आमच्या घरकुलात बायकांना हे झोपेतही जमतं.

भूदेवी अक्काला डॉक्टर म्हणाले,
गर्भाशयाच्या तोंडाचा आहे.
अक्का म्हणाली, तिथंही तोंड असतं?
मग इतके दिवस बोललं का नाही?

बोललं होतं.
तारीख नसताना बोललं, लाल.
तिनं चिंध्या दोरीवर नाही टाकल्या,
न्हाणीत, बादलीमागं वाळवल्या
आठ महिने.
आम्हाला वासाचाही पत्ता नाही.
तंबाखूच्या घरात दुसरा वास कुणाला येतो?

मग बार्शी.
एस.टी.नं जायचं, शेक घ्यायचा, एस.टी.नं यायचं.
सूप मांडीवर असायचंच,
रांगेत बसल्या बसल्या शंभर होतात म्हणायची.
तिच्या विड्या चेकरनं कधी छाटल्या नव्हत्या.
शेवटच्या खेपेला
सतरा छाट निघाल्या.
तोंडं उघडी.

परवा हारिकानं शाळेतून कागद आणला.
लस. सातवीच्या मुलींना.
पालकांची सही इथे.
हिचे वडील रात्रपाळीहून आले, कानात माग अजून चालूच,
ओरडून म्हणाले, याने पुढं पोरं होत नाहीत म्हणतात.
मी म्हणाले, भूदेवीला तीन झाली.
त्यांना आता ताट कोण वाढतं?
ते काही बोलले नाहीत.
बनियनला चिकटलेलं सूत उपटत राहिले.

सही केली. कागदावर बोटाचा तपकिरी डाग राहिला,
तो काही पुसता येत नाही.

रात्री पोरगी म्हणाली, अम्मा, हा आजार होतो कशानं?
इथं मात्र माझं नख आपोआप पुढं आलं.
बंद करायची सवय.
मग सांगितलं.
नर्सबाईनं सांगितलेलं, थोडं माझं,
पान कापता कापता, तिच्याकडं न बघता.
ती म्हणाली,
एवढंच? मग भूदेवी पेद्दम्मानं कुणाला सांगितलं का नाही?

महापालिकेच्या दवाखान्यात बाकडं तापलेलं.
दंडावर सुई. हारिकानं डोळे मिटले नाहीत,
मीच मिटले.
अर्धा तास बसवून ठेवलं,
तेवढ्यात माझ्या चाळीस विड्या बुडाल्या,
मी मोजल्या, खोटं कशाला सांगू.

निघताना नर्सबाईनं रजिस्टर पुढं ओढलं.
लस तुमच्या वयाला नाही मावशी,
पण तपासणी? कधी केलीय का?
दोन मिनिटांचं काम.

मी म्हणाले, हजार भरायच्यात,
कारखाना चारला बंद होतो,
पुढच्या आठवड्यात बघू.

हारिका कापूस दंडावर दाबून उभी होती.
म्हणाली, अम्मा,
आता तुझ्या कागदावर मी सही करू का?