साडेनऊ किलो

मुनीरभाई दिवेलागणीला आले
भंगारवाल्याकडचा स्प्रिंगकाटा घेऊन.
डावा पाय लांब करून ओट्यावर टेकले,
म्हणाले, "ओता सिस्टर, सगळं ओता."

सॅक उलटी केली. चार दिवसांचं घर
चवाळ्यावर सांडलं.
दुधातल्या दशम्या, फडक्यात गुंडाळलेल्या,
कारळाची चटणी, येसर,
गूळ, सोललेला लसूण, सातूचं पीठ स्टीलच्या डब्यात,
खिचडीचे डाळ-तांदूळ, आधीच भाजून एकत्र केलेले,
वनखात्याची चिठ्ठी, तिच्या दोन झेरॉक्स,
दोन स्वेटर, हवेची उशी,
आणि आमच्या ग्रामीण रुग्णालयाचं
निम्मं ड्रेसिंग टेबल.

काटा दाराच्या कडीला अडकवला.
चौदा किलो दोनशे.
"एवढ्यात अंतूरच्या दरवाजापर्यंत पोचाल,
दरवाजातून आत नाही."

दुसरा स्वेटर गेला.
उशी गेली. "कामून? चपला आहेत की उशाला."
डबा गेला. पीठ दुधाच्या पिशवीत आलं
आणि तोंडाला लाइनमनची गाठ,
एका झटक्यात सुटणारी,
झटका ठाऊक नसेल तर दातांनीही न सुटणारी.
बँडेजांपाशी मी अडले.
चौघं आहोत, कुणाला काही झालं तर?
"एकाला होईल," ते म्हणाले.
"मला झालं तेव्हा एक लुंगी पुरली होती."

मग बराच वेळ ते बोललेच नाहीत.
चटणीची पुडी हातात घेऊन
तिचं वजन तळहातावर करत राहिले.
वरच्या गल्लीतून कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टी आली.

"दुसऱ्या दिवशी पाणी नाही," म्हणाले अचानक.
"आहे असं वाटतं. उतारावर हिरवं दिसतं, तिकडं जाऊ नका.
पिवळ्या कड्याच्या डाव्या हाताला उतरा. उंबर आहे.
त्याच्या मुळाशी असतं, ओंजळीएवढं.
बाटली बुडवली की गढूळ झालं. मग तासभर बसा."
खिशातून जर्मनची वाटी काढली,
एका बाजूला चेपलेली.
"हिच्यानं घ्या. हळूहळू."
तीही काट्याला लावून पाहिली,
सुई हललीच नाही.

साडेनऊ.

मग त्यांनी सॅक उचलली आणि सहज, टोपी घालावी तशी, पाठीला लावली.
पट्टे आपल्या मापाचे केले.
त्यांच्या गुडघ्याचा फोटो मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलाय,
त्यांना तेव्हा काय सांगितलं तेही आठवतंय,
तरी मी "राहू द्या" म्हटलं नाही.
ओट्यावरून उतरले. कडुनिंबापर्यंत गेले.
कडुनिंबापासून हापशापर्यंत.
हापशाच्या पुढे रस्ता पितळखोऱ्याकडे निघतो.
तिथे थांबले,
एक पट्टा ओढला, पुन्हा सैल केला.
खांबावरच्या दिव्याकडे वर पाहिलं,
जुन्या सवयीनं, लागलाय की नाही ते.
परत यायला
जायच्या दुप्पट वेळ लागला.

"बरी आहे. उजवीकडं झुकतीय जरा.
मीठ काढा आन् डाव्या कप्प्यात टाका."
चहा नको म्हणाले. काटा बगलेत मारला
आणि गेले.

पहाटे साडेचारला, कडाक्याच्या थंडीत,
सॅक चढवली तर ढिली, कमरेवर आपटतेय.
रुंद खांद्यांसाठी सोडलेले पट्टे.
प्रल्हाद म्हणाला, थांब, आवळून देतो.
मी म्हटलं, चढ लागेपर्यंत
राहू दे.

आणि मीठ,
डाव्या कप्प्यात टाकायचं म्हणून बाहेर काढलेलं,
ओट्यावरच राहिलं होतं.
पहिल्या मुक्कामाला, खिचडीच्या पहिल्या घासाला
चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे तिघांनी. मी वाटीकडे पाहत होते.